मोठा इग्वाना लहान्याच्या अंगावर झोपतो, ते प्रेम नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही ऐरोलीला राहतो, आमच्याकडे दोन हिरवे इग्वाना (मोठे पाळीव सरडे) आहेत, पिल्लं असल्यापासून एकाच पिंजऱ्यात. हल्ली मोठा सारखा लहान्याच्या अंगावर चढून बसतो, मुलांना वाटतं मिठी मारून झोपलेत. पण लहान्याचं खाणं खूप कमी झालंय, दिवसभर खाली कोपऱ्यात असतो, आणि परवा मोठ्याने शेपटी धरली तर टोक तुटूनच आलं. काय करू? - एक वाचक, ऐरोली

उत्तर: आधी आजच्या आज दोघांना वेगळं करा, बाकीचं नंतर वाचा.

ती मिठी नाहीये. इग्वानाला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते आणि पिंजऱ्यात ती बल्बखालीच मिळते, मोठ्याने ती जागा बळकावलीय आणि वर चढून लहान्याचा उजेडसुद्धा अडवतोय. ऊब नाही म्हणून पचन मंद, म्हणून भूक नाही, आणि यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण) मिळत नाही म्हणून पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग हाडं मऊ पडतात. हे सगळं एकही चावा न घेता होतं बरं का. मोठा नुसता मान वरखाली हलवतो, गळ्याची झालर ताणतो, अंग चपटं करून आडवा उभा राहतो, तेवढ्यावर लहाना वर यायचं सोडून देतो.

पिल्लं असताना जमतं, पण साधारण दोन-तीन वर्षांत वयात आले की खरी मारामारी सुरू होते. नर असेल तर गाल फुगलेले दिसतील, मांडीखालच्या छिद्रांतून मेणासारखे दाणे बाहेर येतात, विणीच्या काळात अंगावर नारिंगी झाक येते. माद्याही भांडतात, त्यामुळे दुसरी मादी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

पिंजरे शेजारी शेजारी ठेवू नका, एकमेकांना दिसले तरी लहान्याचा ताण तसाच राहतो, जमलं तर खोल्याच वेगळ्या करा, आणि समोर कपाटाचा आरसा असेल तर झाका, कारण नर स्वतःच्या प्रतिबिंबावरही चवताळतो. दोघांना आपापला बल्ब (खाली ३५ अंशांच्या आसपास) आणि आपापली यूव्हीबी ट्यूब हवीच, खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ते काम होत नाही.

शेपटीचं रक्त थांबलं नसेल तर स्वच्छ गॉजने दाबून धरा, खाली माती-भुसा नको, साधा कागद अंथरा. नवीन शेपटी येईल, जरा आखूड आणि काळपट. पण खाणं कमी आहे म्हणून या आठवड्यातच सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या, एक्स-रे काढायला सांगा. तोवर जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा द्या, पालक रोज नको. दर आठवड्याला वजन करा, त्यासाठी काटा वेगळा ठेवा, स्वयंपाकघरातला नको, इग्वानाच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, मुलांनाही हात लावून झाल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

आणि केंद्राच्या पर्यावरण-वन मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर दोघांची नोंदणी केली नसेल तर तीही करून टाका, २०२४ च्या नियमांनुसार ती सक्तीची आहे.