रोल फॉर्मिंग लाइनवर (रोलरमधून पत्रा वाकवून प्रोफाइल काढणारी लाइन) पर्लिनची कापलेली कड खरबरीत येते, ब्लेडला धार लावून आणली तरी फरक नाही, काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की सी पर्लिनची (शेडच्या छपराखाली लागणारे सी आकाराचे आडवे पीस) लाइन आहे, 1.6 पासून 3.15 एमएम पर्यंत जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा चालतो, कटिंग डाय स्लग (कटमधला वाया जाणारा तुकडा) न पाडणारी म्हणजे दोन प्रोफाइल ब्लेडवाली आहे, आणि मागच्या आठवड्यात ब्लेड ग्राइंड करून बसवल्यापासून उलट बर्र (कडेला राहणारी खरबरीत कुसळं) वाढलाय. मी बरीच वर्षं भोसरीत अशाच लाइनवर मेंटेनन्स बघतो, आणि तुमचं शेवटचं वाक्य वाचूनच मला अर्धं उत्तर मिळालं. पण ते नंतर सांगतो, कारण त्याच्या आधी एक काम करायला पाहिजे जे आपल्याकडे कोणी करत नाही, सगळे पाना घेऊन सरळ डाय खोलायलाच बसतात.

आधी तुकडा वाचा. एका कटचे दोन्ही भाग ठेवा, म्हणजे कापून पुढं गेलेल्या पीसचं शेपूट आणि त्याच कटनंतर येणाऱ्या पीसचं तोंड, दोन्हीवर मार्करनं नंबर टाका, वरची बाजू कुठली, ऑपरेटरकडची बाजू कुठली ते लिहा. मग उजेडात धरून बघा. चांगल्या कटमध्ये कडेच्या जाडीत दोन पट्टे दिसतात, एक चकचकीत, जिथं ब्लेडनं खरोखर कापलंय, आणि उरलेला मंद, दाणेदार, जिथं पत्रा तुटलाय. साध्या पत्र्यात चकचकीत पट्टा अंदाजे एक तृतीयांश असतो, कडक पत्र्यात त्याहून कमी. चमक अगदीच कमी, वरचा कोपरा गोल वळलेला आणि खाली लांब ओढलेला बर्र असेल तर ब्लेडमधली गॅप जास्त आहे. एकाच कडेवर दोन चकचकीत पट्टे आणि मधे फाटल्यासारखं दिसलं तर गॅप कमी आहे. धार गेली असेल तर बर्र सगळीकडून येतो, जाड येतो, आणि कट मारताना आवाज पण बदलतो, टक्क असा येत नाही, दबका येतो. ज्यानं लाइनवर वर्षभर काढलंय त्याला तो आवाज कळतो.

आणि बर्र कुठं आहे ते बघा. वेबवर (सी ची मधली पट्टी), फ्लँजवर (तिला काटकोनात वळलेल्या दोन बाजू), लिपवर (त्यांच्या टोकाची आत वळलेली कड), का फक्त एकाच हाताला? पूर्ण प्रोफाइलवर सारखा असेल तर गॅप किंवा धार. एकाच बाजूला असेल तर डाय तिरकी बसलीय नाहीतर माल तिरका येतोय. (खरबरीत कड पीसच्या लांबीच्या दिशेनं असेल तर मात्र तुमच्या कटरचा काही संबंध नाही, तो बर्र स्लिटिंगमधूनच (रुंद कॉइलच्या पट्ट्या कापतात तिथूनच) आलाय, कॉइल सोडायच्या आधी पट्टीच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवून बघा, धागे अडकले तर सप्लायरला फोन लावा.)

आता तुमच्या ग्राइंडिंगचं. या प्रकारच्या डायमध्ये एक ब्लेड फिक्स असतं, दुसरं सरकतं, दोघांची तोंडं समोरासमोर असतात आणि त्या दोन तोंडांमधली फट म्हणजेच तुमचा क्लिअरन्स. धार लावायची म्हणजे हीच तोंडं सरफेस ग्राइंडरवर घासायची. समजा दोन्ही तोंडांवरून 0.25 एमएम काढलं, तर फट 0.5 नी वाढली. 2 एमएम पत्र्याला फट जाडीच्या साधारण 5 ते 10 टक्के लागते, म्हणजे 0.1 ते 0.2, कडक ग्रेडला वरच्या आकड्याकडे. तुमची आधी 0.15 असेल तर आता 0.65 झालीय. ब्लेड कितीही धारदार असू दे, एवढ्या फटीत पत्रा कापला जाणार नाही, आधी वाकणार आणि मग फाटणार. ग्राइंडिंगवाल्याची चूक नाही, त्यानं धार लावून दिली, जेवढं काढलं तेवढ्या जाडीची शिम (फट भरून काढणारी सपाट पट्टी) ब्लेडच्या मागं टाकणं हे बसवणाऱ्याचं काम. माझी जवळजवळ खात्री आहे की तुमच्याकडे हेच राहिलंय.

फीलर गेज (फट मोजायची ठराविक जाडीची पाती) घेऊन चार ठिकाणी मोजा, वर, खाली, दोन्ही बाजूंना. एकाच ठिकाणी मोजून सोडू नका. पण हात आत घालायच्या आधी मेन स्विच बंद करून लॉक लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा, आणि हायड्रॉलिक पॉवरपॅकला अॅक्युम्युलेटर (ऑइलचं प्रेशर साठवणारी टाकी) असेल तर त्यातलं प्रेशर पूर्ण सोडा. पंप बंद असला तरी अॅक्युम्युलेटर एक कट मारू शकतो. हे मी भीती घालायला लिहीत नाही, पण दोन मिनिटं वाचवायला बोटं घालवणारी चांगली पोरं असतात, म्हणून लिहितो.

ब्लेड काढलंच असेल तर धारेजवळ निळसर डाग आहेत का बघा. कूलंट न सोडता जोरात ग्राइंड केलं की तिथं स्टील तापून मऊ पडतं, डी2 या टूल स्टीलची 58 ते 60 एचआरसी हार्डनेस तेवढ्या पट्ट्यात राहत नाही आणि धार दोन दिवसांत जाते. जीआय मध्ये अजून एक गोष्ट होते, जस्त धारेवर चिकटून बसतं आणि ब्लेडची धार गेल्यासारखं वाटतं, ते पितळेच्या पट्टीनं खरवडा आणि ऑइल स्टोन हलका फिरवा, काही वेळा तेवढ्यानं पण भागतं.

गॅप बरोबर निघाली तर पुढची टेस्ट सोपी आहे आणि मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते. लाइन थांबवा, माल उभा असताना मॅन्युअलवर एक कट मारा. मग तोच माल नेहमीच्या स्पीडला चालवून कट घ्या. उभा कट स्वच्छ आणि चालू कट खराब असेल तर ब्लेडला हात लावू नका, भानगड डायच्या गाडीच्या (कट मारताना डायला मालाबरोबर पुढं नेते ती) स्पीडमध्ये आहे. हिशोब करून बघा, मिनिटाला 30 मीटरची लाइन म्हणजे सेकंदाला 500 एमएम, कटला 0.2 सेकंद लागले तर तेवढ्यात माल 100 एमएम पुढं जातो, गाडी एक टक्का जरी मागं राहिली तरी माल ब्लेडवर 1 एमएम ढकलला जातो. बहुतेक वेळा एन्कोडरचं (मालाची लांबी आणि स्पीड मोजणारं) चाक तेलानं किंवा जस्ताच्या भुकटीनं घसरत असतं, तेव्हा आधी चाक पुसून स्प्रिंगचा दाब बघा. चाक ठीक निघालं तर कट किती वेळ घेतोय ते बघा, उन्हाळ्यात दुपारी ऑइल तापलं की सिलेंडर ढिला पडतो आणि कटचा वेळ वाढतो, सकाळी चांगला माल आणि तीन वाजता खराब माल असं होत असेल तर हेच.

आमच्याकडचा एक किस्सा सांगतो, कारण यात मी स्वतः तीन दिवस घालवलेत. 200 एमएमची सी पर्लिन, 2 एमएम पत्रा, फक्त डाव्या लिपवर बर्र, बाकी सगळं सुंदर. ब्लेड बदललं, गॅप मोजली, चारी बाजूंना 0.15, गाडीचा आणि मालाचा स्पीड जुळतोय का ते पण तपासलं, काही सापडेना. तिसऱ्या रात्री आमच्या हेल्परनं टॉर्च मारली आणि म्हणाला, साहेब इथं घासतंय. डायच्या तोंडाशी उजव्या बाजूला बोटभर रुंदीचा चमकणारा पट्टा होता. माल मधून येतच नव्हता. शेवटच्या स्ट्रेटनरचा (प्रोफाइल सरळ करणाऱ्या रोलरचा) एक बोल्ट ढिला पडून प्रोफाइल दीड एमएम उजवीकडे सरकलं होतं, म्हणजे डावी लिप ब्लेडच्या ओपनिंगमध्ये टेकतच नव्हती, अधांतरी होती, त्यामुळं ती आधी दबायची आणि मग फाटायची. स्ट्रेटनर जागेवर आणला, बोल्ट आवळला, पुढचा पीस हातात घेतला तर लिपवरून बोट फिरवता येत होतं. त्या पोराचं मी सगळ्या शिफ्टसमोर कौतुक केलं.

हे तुम्हाला यासाठी पण सांगतोय की तुम्ही 1.6 आणि 3.15 एकाच ओपनिंगमधून काढत असाल तर पातळ मालाची प्रत्येक लिप अशीच अधांतरी राहणार. 3.15 साठी केलेल्या ओपनिंगमध्ये 1.6 एमएम हलतं, आणि 3.15 साठी ठेवलेली फट पण त्याला जास्त होते. पातळ आणि जाड मालाचे इन्सर्ट (डायमध्ये बदलता येणारे ब्लेडचे भाग) वेगळे करून घ्या, मालक खर्चाला नाही म्हणाले तर त्यांना बर्र काढायला बसवलेल्या दोन माणसांचा आणि ग्राइंडर डिस्कचा महिन्याचा खर्च लिहून दाखवा. आणि तिथं डिस्क फिरवली की जस्त जातं, मग पहिल्या पावसातच कड तांबडी होते. वर शेडवर चढून तेच पर्लिन हातात धरणाऱ्या माणसाचा हात कापतो ते वेगळंच.

तर उद्या डाय खोलाल तेव्हा पहिलं काम, ग्राइंडिंगच्या आधीची आणि आत्ताची ब्लेडची जाडी मायक्रोमीटरनं मोजा. आधीची लिहून ठेवलेली नसेल तर ड्रॉइंगवरची धरा. फरकाएवढी ग्राइंड केलेली शिम पूर्ण सीटवर बसेल अशी टाका, पत्र्याचे तुकडे कापून कोपऱ्यात कोंबू नका, कटच्या धक्क्यानं ते चेपतात आणि आठ दिवसांत फट परत वाढते. बोल्ट टॉर्कनं आवळून पहिले पाच कट स्लो मारा, आणि पाचवा तुकडा तारीख टाकून टूल रूममध्ये टांगून ठेवा, पुढच्या वेळी बर्र आला की त्याच्या शेजारी धरून बघता येईल.