स्वसंरक्षणासाठी परवाना मिळाला आहे. रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल?

तुमचा प्रश्न असा आहे की रात्री रोकड घेऊन एकट्याने यावं लागतं, घर गावाबाहेर मळ्यात आहे, परवाना नुकताच हातात पडलाय. जवळ बाळगायला आणि घरात ठेवायला काय बरं? मी १४ वर्षं परवानाधारक आहे. आमचंही घर वस्तीवर, उसाच्या फडाला लागून. मी रिव्हॉल्व्हरच घ्या म्हणेन.

९ एमएम आणि .४५ हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं आतलं माप), म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाहीत. तुमच्या-माझ्यासारख्याला मुख्यतः .३२ मध्येच बघायचं असतं. तेव्हा कुठलं हत्यार जास्त ताकदीचं यात वेळ घालवू नका. वर्षाला तुमच्या हातून किती गोळ्या झडणार, ते आधी स्वतःला विचारा. काडतुसं महाग, तीही परवान्यावर मोजून मिळणार, आणि सरावाची रेंज लांब. बहुतेकांची काडतुसं वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात. ऐन वेळी त्यातली एखादी फुसकी निघाली तर पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचून ती काढावी लागते. .३२ च्या पिस्तुलांची स्प्रिंग कडक, हात घामेजलेले, समोर अंधार. रोजचा सराव असलेल्याला ते जमतं. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की चक्री फिरते आणि पुढची गोळी नळीसमोर येते. गोळ्या ६ च मिळतात, हे खरं. मला त्या पुरेशा वाटतात.

आता रिव्हॉल्व्हरमध्ये कुठलं? कानपूरचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये आलं, वजन जेमतेम ५०० ग्रॅम. कमरेला जाणवत नाही, पण हलक्या हत्याराचा झटका मनगटाला जास्त बसतो आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. मी जुनं, जड मॉडेल घेतलं. नळी बिजागरीवर खाली वाकवून उघडली की सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात, ते मला आवडतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ची चक्री बाजूला उघडते. दुकानात दोन्ही मॉडेलं हातात घेऊन बघा. रिकामं असल्याची खात्री करून, दुकानदाराला विचारून, घोडा न चढवता नुसता चाप ओढा. तो बराच जड लागतो. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा उंचवटा) तेवढ्यात डावीकडे-उजवीकडे हलली, तर मूठ तुमच्या हाताला बसत नाही. किंमत बघू नका, दुसरं उचला.

घरासाठी हत्याराच्या आधी एक चांगली टॉर्च घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतो. एका हंगामात रात्री दोनला आमच्या मागच्या दाराशी कुणीतरी चाचपडत होतं. मी रिव्हॉल्व्हर काढलं, बोट चापावर नव्हतं एवढंच नशीब. खिडकीतून टॉर्च मारली तर ऊसतोडीला आलेला एक पोरगा, अंगावर घोंगडी, हात जोडलेले. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, गाडी हवी होती. पुढच्या दाराला कुत्रं म्हणून तो मागून आला होता. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: उजेड, मग मोठ्याने आवाज, आणि दार उघडायचं नाही. कायदाही गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क देत नाही; भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ एकदा वकिलाकडून समजून घ्या.

उशाखाली ठेवू नका. भिंतीत बसवलेली छोटी तिजोरी, किल्ली तुमच्याच जवळ. परवाना तुमच्या नावाचा आहे, वहिनींनी किंवा मुलाने ते हाताळलेलं चालत नाही. बाहेर नेताना होल्स्टरमध्ये, शर्टाखाली, कुणाला न दाखवता. लग्नात हवेत गोळी झाडणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निवडणुकीआधी ठाण्यात जमा करायची नोटीस आली, तर जमा करताना हत्याराचा नंबर पावतीवर बरोबर उतरलाय का ते तिथेच उभं राहून वाचा. माझ्या पावतीवर एकदा एक आकडा चुकला होता आणि हत्यार परत मिळवायला तीन खेपा पडल्या.