आधी नोंद, मग शाल

चि. पोरी,

परवा तू आलीस, चहा गार होऊ दिलास आणि पिशवीतून तो घडी घातलेला कागद काढलास. जुन्या बास्केटबॉल खेळाडू बायकांची चौदा नावं. त्यातली पाच सत्कारासाठी निवडायची, कारण समितीकडे पाचच शालींचे पैसे आहेत. "मॅडम, नऊ जणींना कसं वगळू?" असं विचारताना तुझा आवाज भरून आला होता. तेव्हा मी काही बोलले नाही. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

किती शाली, हा हिशोब खजिनदाराचा. मला दुसरीच गोष्ट खटकली. त्या चौदा जणींपैकी एक तरी कोणत्या साली, कोणत्या संघाकडून, कोणत्या जागेवर खेळली, हे तुला सांगता आलं नाही. "नॅशनल खेळल्या आहेत" एवढंच म्हणालीस. ज्युनियर की सीनियर? कोणत्या गावी? संघाला शिकवत कोण होतं? हे माहीत नसताना तू त्यांच्या खांद्यावर शाल टाकणार, हातात नारळ देणार, आणि त्या घरी जाऊन ती शाल कपाटात ठेवणार. आधी नोंद, मग शाल. चौदाही जणींची नोंद कर. शाली पुरल्या नाहीत तर एकीलाही देऊ नकोस.

नोंद म्हणजे गुणांची बेरीज नव्हे, हे तुला तरी कळायला हवं. तू टेबलवर बसून स्कोअरशीट भरली आहेस. त्यात गुण असतात, फाउल असतात, टाइम-आउट असतात. रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल उचलण्याला, रकाना नाही. असिस्टला, म्हणजे बास्केट करणारीला दिलेल्या पासला, नाही. तुझ्या यादीतली सातवी बाई मी पाहिली आहे. समोरची उंच सेंटर पाठीवर घेऊन ती पाय रोवून उभी राहायची, आणि बॉल आमच्यातली दुसरीच कुणीतरी उचलायची. संपूर्ण मॅच हेच. कागदावर तिच्या नावापुढे चार फाउल आणि दोन गुण. समितीतला माणूस तो कागद पाहील आणि तिला पहिल्या फटक्यात बाजूला काढेल.

जुन्या आकड्यांची आजच्याशी तुलना करायला बसू नकोस. तीन गुणांची रेष आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ साली आली. त्याआधी अर्ध्या कोर्टवरून टाकलास तरी दोनच. बायकांसाठीचा लहान बॉल, सहा नंबरचा, तोही २००४ नंतरचा. आम्ही पुरुषांचाच सात नंबरचा बॉल खेळलो, सिमेंटच्या कोर्टवर, पहाटे पाचला. नवतपा सुरू झाला की सातनंतर त्या सिमेंटवर पाय टेकवत नसे. हे लिहिलं नाहीस तर १९८१ च्या वीस गुणांचा अर्थ कुणाला लागेल?

आणि आडनावं! यादीतली तिसरी आणि अकरावी एकच बाई आहे. लग्नाआधी एका नावाने विद्यापीठाकडून खेळली, लग्नानंतर दुसऱ्या नावाने जिल्ह्याकडून. कागदांनी तिचे दोन तुकडे केले, आणि दोन्ही तुकडे लहान दिसतात. पुरुष खेळाडूचं असं होत नाही. प्रत्येकीचं माहेरचं नाव विचार. 'हितवाद'चे, 'तरुण भारत'चे जुने अंक काढशील तेव्हा तेच नाव शोधायचं आहे, बहुतेक वेळा नुसतं आडनाव.

तू म्हणशील, इतकं कोण करतं? करतात. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये डेल्टा स्टेट म्हणून कॉलेज आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मुलींचा संघ बंद केला, म्हणे हा खेळ मुलींना झेपत नाही. मुलींनी आपले गणवेश जाळले. त्यातली एक मार्गारेट वेड. चाळीस वर्षांनी त्याच कॉलेजने संघ पुन्हा उभा केला आणि शिकवायला तिलाच बोलावलं. १९७५ ते १९७७, लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदं. तिच्या संघातली लुशिया हॅरिस हिने १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिंपिकच्या महिला बास्केटबॉलमधला पहिला बास्केट केला. गुरू १९८५ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात गेली, शिष्या १९९२ साली. नॉक्सव्हिल गावात तर १९९९ पासून फक्त बायकांच्या बास्केटबॉलचा वेगळा हॉल आहे, आणि तिथे खेळाडूंबरोबर प्रशिक्षकही आहेत. त्यातली प्रशिक्षक पॅट समिट ३८ हंगामांत १,०९८ मॅचेस जिंकली, हे आपण नागपुरात बसून सांगू शकतो. कारण त्या त्या मॅचच्या दिवशी कुणीतरी ते लिहून ठेवलं. जळलेल्या गणवेशांचंसुद्धा लिहून ठेवलं.

आपल्याकडे सुमन शर्मांना १९८३ चं अर्जुन मिळालं, गीतू अ‍ॅना जोसला २०१४ चं. प्रशांती सिंगला २०१९ साली पद्मश्री, अनिता पॉलदुराईला २०२१ साली. मला मनापासून आनंद आहे. पण त्यांना पहिल्यांदा पिव्होट, म्हणजे एक पाय रोवून वळणं, शिकवणारी बाई कोण, हे पदकावर लिहिलेलं नसतं. ते गावानेच लिहायचं असतं.

आता जे सांगते ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

आम्हाला शिकवायच्या त्या ताई. त्यांच्याकडे पतियाळाचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा नव्हता. घर, सासू, दोन मुलं सोडून इतके महिने कोण जाऊ देणार होतं? पण रोज पहाटे कोर्टवर सगळ्यांच्या आधी त्या. "काऊन वं पोट्टे, पायाले मेंदी लावली का?" ही त्यांची हाक अजून कानात आहे. १९८२ ला आम्ही राज्य स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेलो. संघाच्या कागदावर प्रशिक्षक म्हणून एका पदाधिकाऱ्याचं नाव पडलं. तो गृहस्थ सरावाला एकदाही आला नव्हता. ताई बाकावर बसल्या, कागदावर नव्हत्या. मी कॅप्टन होते. मला तो कागद दाखवला गेला, मी वाचला, आणि गप्प राहिले.

त्यांनी अकरा वर्षांच्या वह्या ठेवल्या होत्या. हजेरी, कुणाचा डावा हात कच्चा, कुणी किती फ्री थ्रो टाकले, सगळं. थकल्यावर त्या वह्या त्यांनी माझ्याकडे दिल्या. १९९६ ला क्वार्टर सोडून फ्लॅटमध्ये आले तेव्हा त्या मी रद्दीत घातल्या. वाळवी लागली होती. धाकटा तापाने फणफणलेला, यांची बदली झालेली, ट्रक खाली उभा. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. आजही थोडंफार खरंच वाटतं ते मला. पण ताई गेल्या तेव्हा शोकसभेत एकाने "बहुधा दहा-पंधरा वर्षं शिकवलं असेल" असं म्हटलं. बावीस वर्षं होती ती. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून मी गेल्या वर्षी तो सत्कार नाकारला. मला गर्विष्ठ म्हणाले, म्हणू देत. मानपत्रात दोनच ओळी होत्या, त्यातली एक यांच्या हुद्द्याबद्दल. मी कळवलं, आधी माझं काम लिहा, माझ्या गुरूचं नाव लिहा, मग येते. आधी नोंद, मग शाल. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही, आणि तूही माझ्यासाठी वाटून घेऊ नकोस.

हा नुसता मानाचा प्रश्नही नाही. सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण तुला माहीत आहे. प्रमाणपत्राची पडताळणी होते तेव्हा स्पर्धेची कागदपत्रं मागतात. माझ्या हाताखालची एक मुलगी त्यातच अडकली. संघटनेकडे त्या वर्षाचा एक कागद नव्हता. मुलगी खेळली होती, मी स्वतः बाजूला उभी होते. माझ्या शब्दाने तिथे काही होईना. आज ती शिकवण्या घेते.

समितीला सांग, कार्यक्रम डिसेंबरमध्ये करू. ऐकणार नाहीत, पुन्हा सांग. तू फार लवकर "बरं सर" म्हणतेस.

चौदा जणींकडे तू स्वतः जा. इथे महाल भागात दोघी आहेत, एक काटोलला. फोनवर विचारू नकोस, फोनवर त्या "अगं, कशाला, जुनं झालं" एवढंच म्हणतील. समोर बस, फोटो काढायला लाव, फोटोतली प्रत्येक मुलगी कोण ते मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून घे. प्रत्येकीला एक प्रश्न नक्की विचार: तुला शिकवलं कुणी? यादी चौदाची राहणार नाही, हे आत्ताच सांगते.

रविवारी सकाळी सहाला ये, ऊन चढायच्या आत. जाड रेघांची वही आण, सुट्टे कागद नकोत. पहिलं पान ताईंचं. मी सांगते, तू लिही. १९८२ च्या त्या कागदाचंही लिही, आणि कॅप्टन कोण होती तेही. खाली मी सही करते.

तुझी,
मॅडम