एक्स-रे मशीन तपासायची नोकरी : आत्ताच धरावी का?

प्रश्न : मुलगी फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ओळखीच्या एका एजन्सीत एक्स-रे, सीटी मशीनच्या क्यूए (मशीन नीट चालतंय का हे पाहणाऱ्या) चाचण्यांचं काम मिळतंय. लगेच रुजू व्हावं की पुढे शिकावं? रेडिएशनची धास्तीही वाटते. – एक पालक, सांगली

उत्तर : धास्तीचं आधी बोलू. एक्स-रे मशीन बंद असताना त्यातून काहीही बाहेर पडत नाही, आणि एक्सपोजर देताना, म्हणजे किरण सोडताना, माणूस आडोशामागे असतो. कामावर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते नोंदवणारा बिल्ला, लावायचा; तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेलं रेडिएशन मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षी 30, ही आपल्याकडची मर्यादा. नियम पाळणारी माणसं तिच्या आसपासही जात नाहीत.

आता काम. मशीनमध्ये दिव्याचा चौकोन रुग्णावर पडतो, तेवढ्याच भागावर किरण पडायला हवेत. टेबलावर खुणांची पट्टी ठेवून, दिवा तिच्या रेघांवर जुळवून एक्सपोजर द्यायचं. 100 सेंटिमीटर अंतरावर फरक 2 सेंटिमीटरच्या वर गेला, की मशीन नापास. मग केव्ही (ट्यूबला मिळणारा विजेचा दाब), टायमर, ट्यूबमधून होणारी किरणांची गळती, हेही तपासायचं. 'सही करून टाका हो, मॅडम' म्हणणारे मालक भेटतातच. तिथे न बधणारी मुलगी हवी. तुमची तशी आहे का, हे मला मार्कांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तरी माझं मत, आत्ता थांबावं. नुसत्या बी.एस्सी.वर ती मशीनमागे गावोगाव फिरत राहील. एम.एस्सी. फिजिक्स 60 टक्क्यांनी करून मुंबईला बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) एक वर्षाचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला, तर मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रुग्णालयात रेडिएशनची मात्रा आणि सुरक्षितता सांभाळणारा तज्ज्ञ, होता येतं. प्रवेश परीक्षा आहे, जागा मोजक्या. आणि हे आधीच सांगतो : नोकऱ्या बहुतेक कॅन्सर रुग्णालयांच्या रेडिओथेरपी विभागात निघतात, निव्वळ इमेजिंगमध्ये कमी.

घरची ओढाताण असेल तर नोकरी घ्या, हरकत नाही. फक्त एजन्सीला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मान्यता आहे का, बॅज तिच्या स्वतःच्या नावाचा मिळेल का आणि पगार महिन्यावर की तपासलेल्या दर मशीनमागे, एवढं रुजू होण्याआधी विचारा. मशीनमागे पैसे देणाऱ्यांकडे घाई फार असते.