अण्णांनी पट का गुंडाळला?

घरातलं वयस्क माणूस आयुष्यभर जपलेला छंद एकाएकी सोडून देतं आणि घरचे गोंधळतात. हा रुसवा समजायचा, वय समजायचं, की विसरण्याच्या आजाराची सुरुवात? हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे बहुतेक वेळा मुलं-सुनाच येतात. त्यातलीच ही एक हकीकत, घरच्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

सून आधी एकटीच आली. सासरे एकोणसत्तर वर्षांचे. त्यांना आपण अण्णा म्हणू. उमेदीची वर्षं गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. नोकरी बदलली, घर बाळीवेशीतून जुळे सोलापूरला गेलं, पण संध्याकाळी सातला बुद्धिबळाच्या क्लबात जाणं चाळीस वर्षं चुकलं नव्हतं. गड्ड्याच्या यात्रेतसुद्धा नातवंडांना पाळण्यात बसवून हे डाव मांडायला पळायचे. आणि आता तीन महिने पट कपाटावर पडून होता. क्लबातल्या स्पर्धेत दहा वर्षांच्या मुलीकडून हरले, तेव्हापासून. मुलाचं म्हणणं, "लहान पोरीकडून हरले म्हणून रुसलेत, येतील ताळ्यावर." सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटलं: "जन्मभर यांच्या त्या पटाला मी नावं ठेवली. पण आता दिवसभर भिंतीकडं बघत बसलेलं बघवत नाही."

अण्णा आले ते सुनेच्या आग्रहाखातर. पहिली वीस मिनिटं विचारेन तेवढंच बोलले. मग मी खेळ कुठे शिकलात ते विचारलं आणि माणूस मोकळा झाला. आजोबांनी शिकवला, तो देशी पद्धतीचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाणार, राजाला शह बसलेला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी मारता येणार, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तोच मोहरा होणार. १९७२ साली रेक्याविकला फिशर आणि स्पास्की खेळत होते, तेव्हा अण्णा सोळा वर्षांचे. पेपरात छापून येणारे डाव कापून ठेवता ठेवता आंतरराष्ट्रीय नियम शिकले. त्यात किल्लेकोट होता, म्हणजे एकाच चालीत राजाला कोपऱ्याकडे हत्तीच्या आड नेणं. "आजोबांना तो शेवटपर्यंत पटला नाही. राजानं लपायचं असतं का, म्हणायचे."

त्या मुलीविरुद्ध नेमकं काय झालं, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं. एका हत्तीने वरचढ होते, डाव जिंकलेला होता. घड्याळात दोन मिनिटं उरली होती. वजीर फुकट दिला. "दिसलंच नाही मॅडम. वजीर तिथं आहे हेच डोक्यात नव्हतं." मग खूप वेळ थांबून म्हणाले, "थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं." भावाला स्मृतिभ्रंश झाला होता. सिद्धेश्वराच्या देवळातून घरी यायचा रोजचा रस्ता एके दिवशी त्यांना सापडला नव्हता. घरच्यांना रुसवा दिसत होता, तो अपमान नव्हताच. ती भीती होती, आणि अण्णा तीन महिने ती एकट्याने वागवत होते.

अशा वेळी "काही नाही हो, वय झालं" असं सांगून मोकळं होणं मला चुकीचं वाटतं. मुलाने विचारलं होतं, "बुद्धिबळ खेळणाऱ्यांना हा आजार होत नाही ना?" तसं वचन कुणीही देऊ शकत नाही. २००३ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्या लोकांना वाचनाची, पटावरच्या खेळांची सवय होती त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. पण त्यातून खेळ आजार थांबवतो असं सिद्ध होत नाही. उलटही असू शकतं: आजाराची सुरुवात झालेला माणूसच आधी खेळ सोडत असेल. म्हणून जुना छंद सुटला तर तपासणी करायचीच.

अण्णांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. बी-१२, थायरॉइड, साखर, डोळे, आणि स्मरणशक्तीची रीतसर चाचणी. बी-१२ कमी निघालं, त्यावर उपचार सुरू झाले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ट्यूबलाइटच्या उजेडात उंट आणि प्यादं सारखं दिसतं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्मरणशक्तीची चाचणी वयाच्या मानाने ठीक आली.

कागद हातात आला तरी भीती जात नव्हती. मग मी त्यांच्या वह्या मागवल्या. लांब वेळेच्या स्पर्धांत चाली लिहून ठेवाव्या लागतात. अण्णांकडे चाळीस वर्षांचे डाव लिहिलेले आहेत. मला खेळ जेमतेम कळतो, म्हणून शेवटच्या दोन वर्षांतले हरलेले डाव त्यांनाच तपासायला सांगितले, चूक कुठे झाली आणि तेव्हा घड्याळात किती वेळ होता एवढंच. पुढच्या भेटीत ते हिशेबनिसाच्या अक्षरात तक्ता करून घेऊन आले. बहुतेक चुका शेवटच्या पाच मिनिटांतल्या, नाहीतर दिवसातल्या तिसऱ्या फेरीतल्या. त्याआधीच्या पंचवीस-तीस चाली नीट. वय वाढतं तसा विचाराचा वेग मंदावतो, पण हजारो डावांतून डोक्यात बसलेल्या रचना बराच काळ टिकून राहतात. घरच्यांनीही हाच फरक बघावा. उत्तर उशिरा येणं वेगळं; तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशाच्या व्यवहारात घोळ होणं वेगळं.

रेटिंगचंही, म्हणजे स्पर्धांतल्या निकालांवरून ठरणाऱ्या गुणांच्या आकड्याचंही, ओझं होतं. मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, दोन हजारांच्या खालच्या खेळाडूंचे आकडे एकदाच वर उचलले, त्यात अण्णांचे १४८० चे १६८८ झाले. "हे मी कमावलेले नाहीत," असं त्यांना वाटायचं. त्यात १४५० च्या मुलीकडून हरल्यावर सोळा गुण गेले. पण लहान मुलं इतक्या भराभर सुधारतात की त्यांचा आकडा त्यांच्या खेळाच्या मागेच राहतो. अण्णांनाही हे माहीत होतं. फक्त स्वतःच्या बाबतीत ते लागू करायला ते तयार नव्हते.

इथे माझी एक चूक झाली. मी सुचवलं, "क्लबातल्या मुलांना शिकवा ना." अण्णा दोन आठवडे आलेच नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "शिकवायला मास्तर आहेत की. मला खेळायचंय." त्यांचं खरं होतं. मी त्यांना मान दिल्यासारखं करून पटावरून उठवून बाजूच्या खुर्चीत बसवत होते. निवृत्त माणसाला आपण सगळेच हे करतो, आणि त्याला ते बरोबर कळतं.

मग वेळ बदलायचं ठरलं. दहा मिनिटांचे डाव बंद. अशोक चौकाकडे राहणारे त्यांचे जुने तेलुगू भाषक मित्र, यंत्रमागावर आयुष्य गेलेले, रविवारी सकाळी घरी येऊ लागले. प्रत्येकी दीड तास, खिडकीच्या उजेडात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ज्येष्ठांच्या स्पर्धांमध्ये पासष्टच्या वरचा गट असतो, त्याची चौकशी सुनेने केली.

क्लबात जायला मात्र अण्णा कचरत होते, आणि कारण हरणं नव्हतं. डाव संपल्यावर दोघांनी मिळून तो पुन्हा मांडायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. त्या दिवशी ते मुलीशी हात मिळवून तसेच निघून गेले होते. "पोरगी मोहरे लावून बसली होती," ते म्हणाले. हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदा दाटला.

जूनमध्ये ते वही घेऊन क्लबात गेले. मुलीला डाव अख्खा पाठ होता. वजीर गेला त्या जागी आल्यावर तिने विचारलं, "आजोबा, इथं वजीर का ठेवला?" अण्णा म्हणाले, "घड्याळाकडं बघत होतो, बाळ. पटाकडं नव्हतो बघत." मग हत्तीने डाव कसा जिंकता आला असता, ते दोघांनी साडेनऊपर्यंत पाहिलं.

स्मरणशक्तीची पुढची तपासणी वर्षभराने आहे. ती तारीख अण्णांनी डाव लिहायच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे.