मुलाच्या फोनवर पैसे द्यावेत का?

मुलाच्या मोबाइलवर पैसे देण्याची सोय करून द्यावी की नाही, हा प्रश्न दहावीच्या आसपासच्या मुलांचे पालक माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

या पंधरा वर्षांच्या मुलाकडे आईचा जुना फोन होता आणि त्यावर आईच्याच खात्याचे यूपीआय चालू होते. "मॅडम, महिन्याला दोन हजार कुठे जातात ते त्यालाही सांगता येत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवता येईल असं एखादं ॲप सुचवा," अशी आईची मागणी होती. आपण कधीच मोठी रक्कम खर्च करत नाही, असे मुलाचे म्हणणे होते, आणि तेही खरेच होते.

दोघांसमोर फोनमधले व्यवहार उघडले, तेव्हा क्लासबाहेरच्या गाडीवर २० रुपये, कोल्ड कॉफीचे ६०, गेममधल्या पात्राच्या पोशाखाचे ८९ अशा नोंदींची रांगच लागली. त्यांचे गट पाडायला मी मुलाला सांगितले. खाणे, प्रवास, करमणूक असे नेहमीचे गट न घेता त्याने स्वतःच्या मनाने तीन गट केले: ‘ठरवून’, ‘सगळे घेत होते म्हणून’ आणि ‘कंटाळा आला म्हणून’. तिसरी यादी सर्वांत लांब निघाली, आणि ती पाहून तोच चकित झाला. खर्चाचा हिशेब ठेवणारी बहुतेक ॲप्स काय घेतले ते दाखवतात. या वयात उपयोग होतो तो का घेतले हे विचारण्याचा, आणि तोही पैसे जाण्याआधी.

म्हणून पाळत ठेवणारे ॲप मी सुचवले नाही. मुलाला संगणकाची आवड होती, त्यामुळे त्याने एका संध्याकाळी साधा गूगल फॉर्म तयार करून फोनच्या पहिल्याच पडद्यावर ठेवला: रक्कम लिहायची, तीनपैकी एक कारण निवडायचे आणि मगच पैसे द्यायचे. सलग सात दिवस नोंद केली की पदक मिळावे, अशी भर त्याला घालायची होती. त्याला मी ठाम विरोध केला, कारण पदकाच्या ओढीने वागायला लावण्याची युक्ती त्याच्या गेममध्येही होती आणि तिच्यापायीच पैसे जात होते.

आईच्या खात्याची मोकळीक काढून घेऊन त्याऐवजी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेली ‘यूपीआय सर्कल’ची सोय आम्ही निवडली. तिच्यात खातेदार दुसऱ्या व्यक्तीला महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंतची मर्यादा घालून देऊ शकतो, किंवा प्रत्येक व्यवहाराला स्वतः मंजुरी देऊ शकतो. आईचा कल मंजुरीकडे होता. मात्र प्रत्येक वड्यापावासाठी कामावरच्या आईला संदेश जाणार असेल, तर निर्णय आईचाच राहतो आणि मुलगा फक्त मागायला शिकतो, हे तिला पटले. शेवटी महिन्याला १,२०० रुपयांची मर्यादा ठरली. आईला व्यवहार दिसतच राहणार होते, पण त्यांबद्दल फक्त रविवारी बोलायचे, हे पाळणे तिला फार जड गेले. तिने ते पाळले, याचे मला खरोखर कौतुक वाटते.

‘कंटाळा’ या गटातल्या नोंदी हळूहळू निम्म्यावर आल्या. मित्रांबरोबरचा खर्च मात्र कमी झाला नाही, आणि तो कमी करायचा नाही असे मुलाने विचारपूर्वक सांगितले. मला त्यात काही वावगे दिसत नाही.

उरलेले पैसे ठेवण्यासाठी आता त्याच्या नावाचे बचत खाते उघडायचे ठरले आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलांना, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, असे खाते स्वतः चालवता येते. मोबाइलचे रिचार्ज आणि क्लासला जाण्यायेण्याचा खर्चही आपल्याच रकमेत धरावा, असे त्यानेच सुचवले आहे. त्यासाठी रक्कम किती वाढवायची, यावर मायलेकांचे अजून एकमत व्हायचे आहे.