वाचकांचे प्रश्न : कोड खुला, मग मेंटेनरला दार बंद का?

प्रश्न : मी ऐरोलीतील एका आयटी कंपनीत काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यासाठी) पॅच, म्हणजे कोडमधील छोटे बदल, पाठवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये काही रशियन मेंटेनरांची (कोडच्या एकेका भागाची देखरेख करणाऱ्यांची) नावे कर्नलच्या यादीतून काढण्यात आली. ओपन सोर्स, म्हणजे खुला कोड असलेले सॉफ्टवेअर, सर्वांसाठी खुले असते, तर असे करता येते का? आम्हा भारतीयांवरही ही वेळ येऊ शकते का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन हक्क एकमेकांत मिसळले आहेत. ओपन सोर्स लायसन्स कोड वापरण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क कोणताही भेदभाव न करता देते. मात्र आपला पॅच स्वीकारलाच जावा किंवा मेंटेनर म्हणून आपले नाव कायम राहावे, असा हक्क ते कोणालाही देत नाही. तो निर्णय प्रकल्प चालवणाऱ्यांचा असतो आणि त्यांना आपापल्या देशाचा कायदा पाळावा लागतो. लिनक्स फाउंडेशन ही अमेरिकी संस्था आहे, आणि अमेरिकी अर्थखात्याच्या ओफॅक या विभागाने निर्बंध घातलेल्या कंपन्यांशी व्यवहार करण्यास अमेरिकी नागरिकांना व संस्थांना मनाई आहे. मार्च २०२३ मध्येच बैकाल इलेक्ट्रॉनिक्स या रशियन चिप कंपनीकडून आलेले पॅच कर्नलच्या नेटवर्क विभागाने याच अडचणीपोटी नाकारले होते. २०२४ मध्ये सुमारे डझनभर नावे काढताना आधी नियमपालनाचे मोघम कारण दिले गेले, आणि निकष राष्ट्रीयत्वाचा नसून नोकरी देणाऱ्या कंपनीचा आहे, हा खुलासा नंतर आला. हा क्रम उलटा असता, तर बरीच कटुता टळली असती, असे आमचे मत आहे. त्या मंडळींनी पूर्वी लिहिलेला कोड मात्र कर्नलमध्येच राहिला.

प्रत्येक निर्बंधाचा परिणाम सारखा नसतो. अमेरिकी वाणिज्य खात्याची ‘एंटिटी लिस्ट’ मुख्यतः निर्यातीवर बंधन घालते, आणि सर्वांसाठी प्रसिद्ध केलेला कोड त्या नियमांतून बहुतांशी सुटतो. त्यामुळेच मे २०१९ मध्ये या यादीत गेलेल्या हुआवेचे अभियंते त्यानंतरही कर्नलमध्ये योगदान देत राहिले. ओफॅकच्या यादीत सवाल व्यवहाराचाच असतो, म्हणून आलेला पॅच नुसता वाचणे वेगळे आणि तो कसा सुधारावा याबद्दल मागेपुढे चर्चा करणे वेगळे, असा सावध भेद कायदेतज्ज्ञ करतात. स्वयंसेवकांवर टाकलेले हे ओझे आम्हाला फार जड वाटते.

भारताचे म्हणाल, तर पोखरणच्या १९९८ मधील चाचण्यांनंतर वाशीच्या खाडीपलीकडचे भाभा अणुसंशोधन केंद्र एंटिटी लिस्टमध्ये गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यातून बाहेर आले. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध घातल्यावर मायक्रोसॉफ्टने त्या भारतीय कंपनीला दिल्या जाणाऱ्या आपल्या सेवा थांबवल्या, आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही, ही भारत सरकारची भूमिका आहे. परंतु सेवा देणारी कंपनी परदेशी असेल, तर ती आपल्या सरकारची भूमिका नव्हे, तर स्वतःला लागू होणारा कायदा पाहते. भारतीय म्हणून आपल्याला आज भीती नाही. आपली कंपनी ओफॅकच्या यादीत आली, तर मात्र आपल्या मेंटेनरपदाचा प्रश्न उभा राहू शकतो.

प्रश्न : माझ्या छोट्या प्रकल्पात इराणमधील एक सहकारी आहे. आमचा कोड गिटहब या कोड साठवण्याच्या व एकत्र लिहिण्याच्या संकेतस्थळावर आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : जुलै २०१९ मध्ये गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातील खात्यांच्या प्रायव्हेट रिपॉझिटरी (इतरांना न दिसणारे कोडसाठे) बंद केल्या होत्या, पण जानेवारी २०२१ मध्ये ओफॅकचा परवाना मिळवून इराणी वापरकर्त्यांना सर्व सेवा पुन्हा दिल्या. त्यामुळे उघड्यावर चाललेल्या प्रकल्पाला तूर्त अडचण दिसत नाही. मात्र त्या सहकाऱ्याला मानधन पाठवायचे असेल, तर आधी बँकेशी बोलावे. आपली कंपनी अमेरिकी मालकीची असेल, तर इराणविषयक अमेरिकी नियम तिलाही लागू होतात. तेव्हा हे काम कंपनीच्या वेळेत वा लॅपटॉपवर करू नये आणि नोकरीच्या करारातील अटी एकदा कायदा विभागाला विचाराव्यात. शेवटी, गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या प्रत्येक पूर्ण क्लोनमध्ये (प्रतीत) कोडचा इतिहास असतो, परंतु गिटहबवरील इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) यांवरची चर्चा त्यात येत नाही. ती अधूनमधून वेगळी उतरवून ठेवावी लागते.